मंजुबेनने सांगितलेली तारीख

मी एक घोडी बोलतेय. वरातीतली नव्हे. भावनगरच्या एका मोठ्या इस्पितळात तळमजल्यावर एमआरआयची खोली आहे, तिथे मी राहते. कागदोपत्री माझं नाव कॉइल असं आहे, पण ते इथे कुणी घेत नाही. सुतार फळी कापताना खाली जी घोडी घेतो, तिच्यासारखी मी दिसते म्हणून मशीन चालवणाऱ्या हरपालभाईंनी पहिल्याच दिवशी मला घोडी म्हटलं आणि ते नाव चिकटलं. "घोडी लावा," "घोडी पुसून ठेवा," असं दिवसभर चालू असतं. मलाही आता त्याचं काही वाटत नाही.

वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ती सांगायची म्हणजे आधी माझं काम सांगायला हवं, आणि इथेच लोक चाचरायला लागतात. बाई माझ्यावर पालथी झोपते. तोंड टेकायला एक खळगा आहे, त्यात कपाळ ठेवते, हात डोक्याच्या पुढे लांब करते. मधे दोन भोकं आहेत, त्यांत तिचे स्तन मोकळे राहतात. मी हा शब्द सरळ वापरते. इथे येणाऱ्या बायका तो कधीच वापरत नाहीत. 'इकडची बाजू' म्हणतात, नाहीतर नुसतं 'ते' म्हणतात, आणि बरोबर आलेली माणसं तर छताकडे बघून बोलतात.

माझा जन्म फार दूरचा, समुद्रापलीकडच्या कारखान्यातला. तांब्याच्या पट्ट्यांची वेटोळी करून माझ्या पोटात बसवली, वरून घट्ट फोम लावला आणि खोक्यात घालून रवाना केलं. जहाजात महिनाभर अंधार. इथे आल्यावरही सुरुवातीला कुणाला मला नीट लावता येत नव्हतं. एकदा तर मला उलटी ठेवली होती आणि एक म्हाताऱ्या बेन अर्धा तास अवघडून पडून राहिल्या, पण ब्र काढला नाही. त्यांना वाटलं, तपासणी अशीच त्रासाची असते.

पुढे सगळे सरावले. माझा मान वाढला. सोनोग्राफीत जे दिसत नाही ते मला दिसतं, असं सर्जनसाहेब म्हणायला लागले. बाईच्या नसेत औषध सोडतात, ते रक्ताबरोबर फिरतं, आणि जिथे रक्ताची ओढ जास्त ती जागा पडद्यावर पांढरी होऊन उजळते. कर्करोगाची गाठ अशीच उजळते. मी ती पकडते. गाठ एक आहे की तीन, काखेपर्यंत गेली की नाही, सगळं. मला तेव्हा भारी गर्व होता. मी खोटं दाखवत नाही, असं मी स्वतःलाच सांगत असे.

काम नसलं की मला गाडीवर ठेवून पलीकडच्या खोलीच्या कोपऱ्यात ढकलतात, कारण मशीनच्या खोलीत जागा नाही. त्या खोलीत डॉक्टर तर्जनीबेन बसतात. चित्रं वाचून रिपोर्ट त्याच सांगतात. पडदे दोन, दिवा मंद, बाजूला खाखऱ्याचा डबा. एकेक चित्र वर-खाली करत, खाखरा मोडत, त्या माइकमध्ये बोलत जातात. वाचायला बसल्या की जेवणाची आठवण राहत नाही. घरून सासूबाईंचा फोन आला तर "हो मम्मी, निघतेच" म्हणतात आणि पुढचा तासभर जागच्या हलत नाहीत. मला त्यांचा फार लळा.

पण त्या चित्रांकडे बघतात, बाईकडे नाही. बाईला बघायचं काम हरपालभाईंचं, आणि हरपालभाई कुणाकडेच बघत नाहीत. माणूस भला, पण लाजाळू. त्यांना प्रत्येक बाईला एक प्रश्न विचारावाच लागतो: पाळी कधी आली होती? कारण पाळीच्या आधीच्या दिवसांत धडधाकट स्तनही औषधाने उजळतो, जागोजागी पांढरे ठिपके येतात. पाळी येऊन आठवडाभर झाला की तो शांत होतो, तेव्हा चित्र काढायचं. कुठल्या दिवसांत काढलं हे कळलं नाही तर ते चित्र वाचायचं कसं? म्हणून हा प्रश्न. हरपालभाई तो दारात उभं राहून, हातातल्या कागदाकडे बघत, बरोबर आलेल्या मोठ्या बाईला विचारतात. सासू असेल तर सासूला, नणंद असेल तर नणंदेला. ती सांगते. ते लिहून घेतात. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रसीलाबेन आली. पालिताण्याच्या बाजूच्या एका गावातली, चाळिशीच्या आतबाहेरची. नवरा सुरतेला हिरे घासतो. बरोबर मोठी नणंद, मंजुबेन. विधवा, भावाकडेच राहणाऱ्या, आणि सासू वारल्यापासून घर त्यांच्याच शब्दावर चालणारं. डाव्या बाजूला गाठ निघाली होती, तुकडा तपासून झाला होता, कर्करोग म्हणून नक्की झालं होतं. गाठ एकच आणि छोटी असेल तर तेवढीच काढायची, स्तन ठेवायचा, असं सर्जनसाहेबांच्या मनात होतं. तेवढं माझ्याकडून बघून घ्यायचं होतं.

"मासी, यांची ती... तारीख?" हरपालभाईंनी कागदाला विचारलं.

"दसऱ्याच्या नंतर बसली होती बाजूला. तेरसेला," मंजुबेन फटकन म्हणाल्या. "मला विचार ना भाई. घरात कोण कधी बसलं ते माझ्या बोटांवर असतं. हिला काय विचारतोस, ही तर बाराखडीपण मला विचारून म्हणेल."

रसीलाबेनने पदर अजून पुढे ओढला. हरपालभाईंनी दिवस मोजले. नेमके योग्य दिवस. आयाबेनने रसीलाबेनला माझ्यावर झोपवलं. अंग थंडगार होतं. मशीन ठणठणायला लागलं तशी ती तोंडातल्या तोंडात माताजीचं नाव घ्यायला लागली, आणि औषध नसेत गेलं तेव्हा एकदाच म्हणाली, "माफ कर मा." मला वाटलं, भीतीनं म्हणत असेल. सगळ्याच काही ना काही म्हणतात.

मी चित्रं पाठवली. डाव्या बाजूला गाठ एकच, सुपारीएवढी, काख स्वच्छ. मला बरं वाटलं. पण उजवी बाजू! उजव्या बाजूला ठिपकेच ठिपके, आणि बाहेरच्या अंगाला एक चांगला मोठा पट्टा पांढराफटक उजळलेला.

तर्जनीबेनने खाखरा खाली ठेवला. बराच वेळ तो पट्टा मागे-पुढे करत राहिल्या. मग तारीख बघितली. "योग्य दिवसांत काढलंय," त्या पुटपुटल्या. "मग हे का उजळतंय?" पुन्हा बघितलं. आणि माइकमध्ये सांगितलं की उजवी बाजू संशयास्पद आहे, तिथेही रोग असण्याची शक्यता आहे, पुढचा तपास करावा. त्यांची चूक म्हणता येणार नाही. ती तारीख खरी धरली तर दुसरं काय लिहिणार?

दोन दिवसांनी सर्जनसाहेब स्वतः खोलीत आले. खुर्ची ओढून बसले.

"तर्जनी, तुझ्या त्या पालिताण्याच्या बाईचं काय करू? तुकडा घ्यायचा तर उजवीकडची जागा फक्त एमआरआयमध्येच दिसते, आणि एमआरआयमध्ये बघून तुकडा घ्यायची सोय आपल्याकडे नाही, म्हणजे अहमदाबादला पाठवायला हवं. तिला म्हटलं, जाऊन या. तर म्हणते, दोन्ही काढून टाका."

"ती म्हणते की घरचे?"

"तीच म्हणते. नणंद तर रडत होती. ही मात्र खाली बघून एकच वाक्य: दोन्ही काढा, पण पुन्हा तपासणी नको, पुन्हा कुणी काही विचारायला नको. मी इतक्या वर्षांत असं ऐकलं नाही. बायका एक वाचावा म्हणून पाया पडतात."

"मी सोनोग्राफी केली काल उजवीकडची. काही दिसलं नाही," तर्जनीबेन म्हणाल्या. "थांबा ना दोन दिवस. मी एकदा परत घोडीवर घेते तिला. मला चैन पडत नाहीये."

"घे. पण लवकर. दिवाळीत माझे निम्मे लोक गावाला जातात."

धनतेरसच्या आदल्या दिवशी रसीलाबेनला पुन्हा आणलं. या वेळी तर्जनीबेन स्वतः आत आल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्याजवळ उभं राहिलेलं पहिल्यांदा बघितलं. मशीनजवळ धातू नको, असं मंजुबेनच्या हातातल्या बांगडीचं निमित्त करून त्यांनी त्यांना बाहेर बसवलं, आयाबेनलाही पाठवलं, दार लावलं. रसीलाबेन माझ्यावर पालथी पडलेली होती, तोंड खळग्यात.

"रसीलाबेन, तुमची पाळी कधी आली होती?"

"मंजुबेनने सांगितलं ना."

"मी तुम्हाला विचारतेय."

 मग माझ्या खळग्यातून खाली थेंब पडायला लागले. तर्जनीबेनने तिच्या पाठीवर चादर ओढली आणि तिथेच जमिनीवर, टेबलाला टेकून बसल्या. आता दोघींना एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. कदाचित म्हणूनच ती बोलली.

"तेरसेला नव्हती आली. तेरसेला मी नुसतीच बसले होते. खोटी."

"मग?"

"नवरात्रीच्या स्थापनेच्या आदल्या दिवशी आली." ती अगदी हळू बोलत होती. "बेन, या वर्षी घरचा गरबो, नऊ दिवस तेवणारा तो भोकांचा घडा, पहिल्यांदा माझ्या हाती येणार होता. सासूबाई गेल्या. मंजुबेन विधवा, त्या हात लावत नाहीत. अठरा वर्षं मी नुसती बाजूला उभी राहून बघत होते. मी बाजूला बसले असते तर धाकट्या जावेने मांडला असता, आणि मग तो तिच्याचकडे राहिला असता. मी कुणाला सांगितलंच नाही. तशीच न्हाले, तशीच दिवा लावला, नऊ दिवस तेल घातलं. मग महिना चुकला म्हणतील, म्हणून दसऱ्यानंतर तीन दिवस खोटीच गोणपाटावर बसले. आणि तिथे बसल्या बसल्याच गाठ हाताला लागली."

तर्जनीबेनने तिच्या पाठीवरून सरकलेली चादर पुन्हा नीट केली.

"माताजीने हातोहात दिलं मला," रसीलाबेन म्हणाली. "तुम्ही दोन्ही कापा, मी काही म्हणणार नाही. ते माझं भोगणं आहे. पण घरी कळू देऊ नका. मंजुबेन मला घरात घेतील, जेवू घालतील, सेवाही करतील. पण माझ्याकडे बघणार नाहीत पुन्हा."

मी तिच्याखाली होते. मला लाज वाटली ती तेव्हा, आणि ती अजून गेलेली नाही. मी खोटं दाखवत नाही म्हणून मिरवत होते. उजळलेलं मी उजळलेलंच दाखवलं होतं. पण ते का उजळलं ते मला कुठे कळतं? एका बाईच्या धडधाकट स्तनावर सुरी चालणार होती आणि मी कोपऱ्यात गाडीवर बसून स्वतःची पाठ थोपटत होते.

"उठून बसा," तर्जनीबेन म्हणाल्या.  "आज काही करायचं नाही. तुमच्या उजवीकडे बहुधा काहीच नाही, रसीलाबेन. चुकीच्या दिवसांत चित्र काढलंय, म्हणून ते तसं दिसतंय. आणि गाठ नवरात्रीत झालेली नाही. ती कधीची आत होती, तुम्हाला आत्ता लागली एवढंच."

"खरं सांगता?"

"खरं सांगते. आणि अजून एक सांगते. नवरात्रीत मी गोळ्या घेते. पाळी पुढे ढकलायच्या. दर वर्षी. घरात देवाजवळ कोण बसणार हा वाद नको म्हणून. याने शरीरात काय काय बदलतं ते मीच शिकवते दुसऱ्या डॉक्टरांना, आणि मीच घेते. सासूबाईंना माहीत नाही, नवऱ्याला नाही, आणि तुम्हाला सांगतेय." त्या थोडं हसल्या, पण ते हसू नव्हतंच. "बारा वर्षं रिपोर्ट देतेय. एकाही बाईला मी हा प्रश्न स्वतः विचारला नाही. मलाच अवघड वाटायचं."

मग त्यांनी तिला समजावलं. आता खरी पाळी येईल, एक-दोन दिवसांत. ती आली की आठवड्याने यायचं, दिवाळीनंतरच्या पंचमीला, लाभ पांचमला. त्या दिवशीचं चित्र खरं मानायचं आणि त्यावर ऑपरेशन ठरवायचं. तोवर दोन्ही काढायचं नाव काढायचं नाही.

"पण दिवाळीत आली तर घरी काय सांगू?" रसीलाबेनने विचारलं. "मंजुबेन मोजतील. पंधरा दिवसांत परत कशी आली म्हणतील."

 तर्जनीबेन म्हणाल्या, "मी सांगू त्यांना? औषधामुळे लवकर आली म्हणून?" रसीलाबेनने मान हलवली, पण हो की नाही ते कळलं नाही. तिने कपडे केले आणि गेली.

ती दिवाळी मला फार जड गेली. खोली बंद, दिवे बंद, आणि मी गाडीवर. बाहेर फटाके वाजत होते. मला एकच घोर लागला होता. ती पुन्हा लपवेल, दिवाळीचा दिवा लावेल आणि येणारच नाही. किंवा थेट सर्जनसाहेबांकडे जाईल आणि म्हणेल, दोन्ही.

लाभ पांचमला आमचा विभाग उघडला. दाराला तोरण, सगळ्यांच्या हातांत मठिया-घुघऱ्यांच्या फराळाचे डबे, जो तो "साल मुबारक" करत फिरत होता. रसीलाबेन आली. नवी साडी नव्हती. मंजुबेन दोन पावलं मागे.

हरपालभाई दारात आले. हातात कागद. सवयीने मंजुबेनकडे वळले. "साल मुबारक, मासी. यांची तारीख—"

"मला विचारा, भाई," रसीलाबेन म्हणाली.

हरपालभाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं, बहुधा पहिल्यांदाच.

"धनतेरसला आली. आणि त्याआधी स्थापनेच्या आदल्या दिवशी आली होती. तेरसेला जे बसले ते खोटं. गरबो मी तसाच मांडला होता." हे सगळं ती हरपालभाईंकडे बघून बोलली, पण ते मंजुबेनसाठी होतं हे त्या बिचाऱ्यालाही कळलं. हरपालभाई कानापर्यंत लाल झाले. "लिहा तुम्ही. नीट लिहा."

मंजुबेन उभ्या होत्या तिथेच राहिल्या. दिवाळीत रसीलाबेन गोणपाटावर बसली तेव्हाच त्यांनी दिवस मोजले असणार, पण विचारलं नव्हतं. आता ऐकावंच लागलं.

"तू त्या हातांनी तेल घातलंस?" त्या एवढंच म्हणाल्या.

"हो."

"मला एकदा सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत, मंजुबेन?"

मंजुबेनने थेपल्यांची पिशवी बाकावर ठेवली आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसल्या. रसीलाबेन आत आली आणि माझ्यावर झोपली. तिचं अंग थरथरत होतं, म्हणून पहिली चित्रं हलली, ती परत काढावी लागली. आयाबेनने तिचा पाय धरून ठेवला.

उजवी बाजू शांत निघाली. ठिपके गेले, तो पट्टा गेला, जिथे पांढरंफटक होतं तिथे नुसता करडा, गप्प स्तन. तर्जनीबेनने दोन्ही वेळची चित्रं शेजारी शेजारी लावली. हरपालभाईंना बोलावून दाखवली. "बघा. हे तुम्ही मासीला विचारलं तेव्हाचं. आणि हे तिला विचारलं तेव्हाचं." हरपालभाई मान खाली घालून म्हणाले, "बेन, मला शरम वाटते हो विचारायला." "मलाही वाटत होती," तर्जनीबेन म्हणाल्या. मग त्यांनी आधीचा रिपोर्ट दुरुस्त केला, आपण चुकलो असं स्वच्छ लिहून. डावीकडची गाठ तेवढी काढली गेली.

आता मी जुनी झालेय. माझा फोम फाटलाय, त्यावर चिकटपट्टी लावलीय, आणि नवी घोडी मागवली असल्याचं ऐकलंय. हरपालभाई अजूनही कागदाकडे बघूनच विचारतात, पण आधी दार लावून घेतात आणि बाईलाच विचारतात. कधी कधी उत्तर यायला खूप वेळ लागतो. ते थांबतात.

मागच्या महिन्यात रसीलाबेन वर्षाच्या तपासणीला आली. एकटीच, एसटीने. तर्जनीबेन सुई लावायला आत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मंजुबेन नाही आल्या?"

"नाही. बऱ्या आहेत. ऑपरेशननंतर तीन महिने मला एक तांब्या उचलू दिला नाही त्यांनी. बोलतातही सगळं." मग म्हणाली, "गरबो आता धाकटी मांडते. मी बाहेरच्या खोलीतून बघते. या वर्षी तर माझे दिवसही नव्हते, तरी हात लावू दिला नाही."

"वाईट वाटतं?"

"खूप वाटतं, बेन. दर वर्षी वाटेल." तिने कपाळ माझ्या खळग्यात टेकलं, हात पुढे केले, आणि दोन्ही बाजू आपल्या आपण माझ्यात नीट बसवल्या. डावी थोडी लहान, शिवणीची. उजवी जशीच्या तशी.

मी आज ना उद्या भंगारात जाईन. त्याआधी तुमच्याकडे एवढंच मागते. तुमच्या घरातली कुणी माझ्यासारखीवर पालथी झोपायला गेली, तर दारापर्यंत तिच्याबरोबर जा, तिची पिशवी धरा, बाहेर बसून राहा. पण आतून प्रश्न आला तर तिच्या वतीने उत्तर देऊ नका. आणि ती घरी आल्यावर, तिने खरं सांगितलं म्हणून तिच्याकडून काही काढून घेऊ नका.